चमत्कार, योजना आणि संयम : न्यूयॉर्क मेट्स बेसबॉल संघाची तरुण पिचरांवर आधारलेली पुनर्बांधणी (१९६२-१९७७)

प्रस्तावना

अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासात न्यूयॉर्क मेट्स या संघाचे १९६९ चे विश्वविजेतेपद ‘मिरॅकल मेट्स’, म्हणजे ‘चमत्कारी मेट्स’, या नावाने ओळखले जाते. १९६२ साली जन्माला आलेला हा संघ पहिल्याच हंगामात १२० सामने हरला. पहिल्या सात हंगामांत दहा संघांच्या नॅशनल लीगमध्ये तो नवव्या क्रमांकाच्या वर कधीही गेला नाही. तोच संघ आठव्या हंगामात १०० सामने जिंकतो आणि बलाढ्य बाल्टिमोर ओरिओल्स संघाला नमवतो, या घटनेला चमत्कार म्हणण्याचा मोह तत्कालीन वृत्तपत्रांना झाला यात नवल नाही. परंतु चमत्कार हा शब्द एकदा उच्चारला की कारणांचा शोध तेथेच थांबतो.

त्यानंतरच्या काळात याच घटनेचे दुसरे, उलट टोकाचे स्पष्टीकरण रूढ झाले. त्यानुसार मेट्सच्या व्यवस्थापनाने दूरदृष्टीने तरुण पिचर गोळा केले, त्यांना घडवले आणि ठरल्याप्रमाणे यश मिळवले. हे स्पष्टीकरण ऐकायला शास्त्रीय वाटते. पण उपलब्ध तपशील तपासता तेही पुरते टिकत नाही. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन केले आहे की मेट्सची पुनर्बांधणी दैवी नव्हती, तशीच ती पूर्वनियोजितही नव्हती. ती काळाच्या जोरावर उभी राहिली. आणि हा काळ विकत घेण्याची किंमत संघमालकांपेक्षा प्रेक्षकांनी व स्वतः त्या तरुण पिचरांनी अधिक मोजली.

मराठी वाचकासाठी खेळाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. क्रिकेटमध्ये कर्णधार षटकागणिक गोलंदाज बदलू शकतो. बेसबॉलमध्ये सामन्याचा आरंभ करणारा पिचर एकटाच सलग अनेक डाव चेंडू फेकतो आणि त्या दिवसाचा निकाल बव्हंशी त्याच्या हातावर ठरतो. मात्र एकदा असा सामना फेकला की त्या हाताला तीन-चार दिवस विश्रांती द्यावी लागते. साहजिकच पराभूत संघाला एक उत्तम पिचर मिळाला तर तो संघ चार-पाच दिवसांतून एकदाच सुधारतो. पुनर्बांधणी व्हायची तर असे चार-पाच हात एकाच सुमारास परिपक्व व्हावे लागतात, आणि तरुण हातांच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांत बेभरवशाची असते.

पराभवाचा वारसा

१९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन्ही जुने संघ अनुक्रमे लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को येथे निघून गेले. न्यूयॉर्कसारख्या महानगरात नॅशनल लीगचा एकही संघ उरला नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी वकील विल्यम शे यांनी तिसऱ्या लीगची कल्पना पुढे आणली. त्या दडपणाखाली नॅशनल लीगने न्यूयॉर्क आणि ह्यूस्टन येथे १९६२ पासून नवे संघ मान्य केले. न्यूयॉर्कच्या संघाची मालकी श्रीमती जोन पेसन यांच्याकडे होती.

नव्या संघांना खेळाडू मिळावेत म्हणून ऑक्टोबर १९६१ मध्ये विशेष निवड झाली. जुन्या संघांनी आपल्याला नको असलेले खेळाडूच त्या यादीत ठेवले आणि त्यांची किंमत मात्र भरभक्कम लावली. मेट्सने २२ खेळाडूंसाठी १८ लाख डॉलर मोजले. संघाचे अध्यक्ष जॉर्ज वाइस यांनी उतरणीला लागलेली परंतु न्यूयॉर्ककरांच्या ओळखीची नावे पसंत केली. ब्रुकलिनचा लाडका गिल हॉजेस त्यांपैकी एक. सत्तरी ओलांडलेल्या केसी स्टेंगल यांना मॅनेजर, म्हणजे मैदानावरील सूत्रधार, नेमण्यात आले.

परिणाम सर्वश्रुत आहे. १९६२ मध्ये ४० विजय व १२० पराभव. त्या हंगामात मेट्सने प्रतिस्पर्ध्यांना ९४८ धावा दिल्या. रॉजर क्रेगने २४ सामने गमावले, अल जॅक्सनने २०, जे हुकने १९ आणि क्रेग अँडरसनने १७. हे आकडे पाहून हे पिचर अगदीच सुमार होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. संघाने त्या वर्षी क्षेत्ररक्षणात २१० चुका केल्या. अशा संघासाठी चेंडू फेकणे हे फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखे होते. पुढील वर्षी क्रेगने सलग १८ सामने गमावले.

पण या काळातील खरी लक्षणीय बाब मैदानाबाहेरची आहे. प्रेक्षक आले. पहिल्या वर्षी नऊ लाखांहून अधिक, आणि १९६४ मध्ये शे स्टेडियम उघडल्यावर सतरा लाखांहून अधिक लोकांनी तिकिटे काढली. त्या वर्षी अमेरिकन लीग जिंकणाऱ्या यांकीज संघापेक्षा तळाच्या मेट्सचे प्रेक्षक अधिक होते. १९६३ ते १९६५ या तीन हंगामांत अनुक्रमे १११, १०९ आणि ११२ पराभव झाले, तरी संघाची तिजोरी रिकामी झाली नाही. पराभव परवडतो आहे हे एकदा सिद्ध झाल्यावर तरुणांसाठी थांबणेही परवडू लागले. संयमाची ही आर्थिक बाजू ‘चमत्कार’ आणि ‘योजना’ या दोन्ही कथनांतून सहसा सुटून जाते.

हातांचा शोध

१९६५ साली बेसबॉलमध्ये हौशी खेळाडूंच्या निवडीची नवी पद्धत सुरू झाली. तोपर्यंत शाळा-महाविद्यालयांतील होतकरू मुलांशी कोणताही संघ थेट करार करू शकत असे आणि श्रीमंत संघ बाजी मारत. नव्या पद्धतीत आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला आधी निवड करण्याचा हक्क मिळाला. पराभवाला प्रथमच काही मोल आले. मेट्सच्या उदयाचे श्रेय अनेकदा या नियमाला दिले जाते. ते कितपत खरे आहे?

पहिल्या निवडीत मेट्सचा क्रमांक दुसरा होता. त्यांनी मोंटानातील लेस रोर या डावखुऱ्या पिचरला निवडले. तो प्रमुख लीगमध्ये एकूण सहा सामने खेळला. १५ एप्रिल १९६८ रोजी ह्यूस्टनविरुद्ध चोवीस डाव चाललेला सामना त्याच्याच नावावर पराभव म्हणून नोंदला गेला आणि १९६९ नंतर तो पुन्हा दिसला नाही. १९६६ मध्ये तर संपूर्ण देशात पहिली निवड मेट्सची होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट या कॅचरला घेतले आणि रेजी जॅक्सनला सोडले. चिलकॉट प्रमुख लीगपर्यंत पोहोचलाच नाही. जॅक्सन बेसबॉलच्या सन्मान-सभागृहात पोहोचला. म्हणजे पराभवाने मिळालेल्या दोन सर्वांत मोलाच्या संधी वाया गेल्या होत्या.

याउलट ज्या हातांनी संघ उभारला ते आडवाटेने आले. टेक्सासमधील अल्विन गावचा नोलन रायन त्याच १९६५ च्या निवडीत बाराव्या फेरीत, २९५ व्या क्रमांकावर, मिळाला. जिम मॅकअँड्र्यू अकराव्या फेरीतला. मिनेसोटातील शेतकरी कुटुंबातला जेरी कूझमन निवडपद्धती सुरू होण्यापूर्वीच, १९६४ मध्ये, करारबद्ध झाला होता, आणि तोही योगायोगाने. सैन्यात असताना त्याचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरचे वडील न्यूयॉर्कच्या मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करीत. मुलाने वडिलांना पत्र लिहिले आणि ती खबर संघाच्या कचेरीत गेली. टग मॅग्रॉही १९६४ चाच.

टॉम सीव्हरची कथा तर याहून विलक्षण आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या विद्यार्थ्याला जानेवारी १९६६ मध्ये ब्रेव्हज संघाने निवडून करारबद्ध केले. परंतु विद्यापीठाचा हंगाम सुरू झाल्यानंतर करार झाल्याने आयुक्त विल्यम एकर्ट यांनी तो रद्द ठरवला. दुसरीकडे, करारावर सही केली म्हणून महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनेही त्याला अपात्र ठरवले. इकडे आड तिकडे विहीर अशा स्थितीत सापडलेल्या या तरुणासाठी आयुक्तांनी तोडगा काढला : ब्रेव्हजची सुमारे पन्नास हजार डॉलरची रक्कम द्यायला तयार असलेल्या संघांची नावे टोपीत टाकावीत. फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड आणि मेट्स असे तीनच संघ पुढे आले. चिठ्ठी मेट्सची निघाली. येथे योगायोग नाकारता येत नाही. पण बाकीचे संघ त्या टोपीपर्यंतही आले नाहीत, हेही विसरता येत नाही. अध्यक्ष वाइस या खर्चाला नाखूश होते आणि त्यांचे सहकारी बिंग डिव्हाइन यांनी त्यांना राजी केले, असे सांगितले जाते.

यावरून जे चित्र तयार होते ते अचूक नेम धरणाऱ्या धनुर्धराचे नाही. ते मूठमूठ बी फेकणाऱ्या शेतकऱ्याचे आहे. १९६७ च्या एकाच हंगामात मेट्सने ५४ खेळाडू मैदानात उतरवले आणि त्यांतील २७ पिचर होते. कोणता हात टिकेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वर्षी टॉप्स कंपनीने काढलेल्या खेळाडूंच्या चित्रपत्रांमध्ये ‘मेट्सचे नवोदित तारे’ म्हणून एकाच पत्रावर दोन तरुण पिचरांची छायाचित्रे छापली होती. एक टॉम सीव्हर. दुसरा बिल डेनेही. सीव्हर त्या हंगामात १६ सामने जिंकून नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला आणि कारकिर्दीअखेर त्याच्या नावावर ३११ विजय जमा झाले. डेनेहीचा खांदा त्याच हंगामात दुखावला. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतील विजयांची संख्या एक आहे.

हॉजेस आणि विश्रांतीचे गणित

१९६७ च्या अखेरीस मेट्सने वॉशिंग्टन सेनेटर्स संघाचा मॅनेजर असलेल्या गिल हॉजेसला परत आणले. मोबदल्यात वॉशिंग्टनला एक लाख डॉलर आणि एक पिचर देण्यात आला. तो पिचर म्हणजे दुखावलेल्या खांद्याचा बिल डेनेहीच. हॉजेससोबत पिचरांचा प्रशिक्षक रूब वॉकर आला, आणि या निबंधाच्या दृष्टीने ती कदाचित अधिक महत्त्वाची नेमणूक होती.

त्या काळी बहुतेक संघ चार पिचरांच्या पाळीने हंगाम काढत. वॉकरने पाच जणांची पाळी लावली. प्रत्येकाला चार दिवसांची विश्रांती मिळू लागली. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत परवानगीशिवाय चेंडू फेकण्यावरही त्याने बंधन घातले. बावीस-चोवीस वर्षांच्या मुलांना स्वतःच्या हाताची मर्यादा कळत नसते, आणि कळली तरी ती कबूल करण्याची त्यांची तयारी नसते. ती मर्यादा संस्थेने आखून द्यावी, हा विचार त्या वेळी सर्वमान्य नव्हता.

१९६९ मध्ये मेट्सचा प्रमुख प्रतिस्पर्धी असलेल्या शिकागो कब्ज संघाशी तुलना केल्यास या निर्णयाचे वजन समजते. कब्जच्या फर्ग्युसन जेंकिन्सने त्या हंगामात ४२ सामन्यांचा आरंभ केला, बिल हँड्सने ४१ आणि केन होल्ट्झमनने ३९. मेट्समध्ये सीव्हर व जेंट्री यांनी प्रत्येकी ३५ आणि कूझमनने ३२ सामन्यांचा आरंभ केला. जेंकिन्सने ३११ डाव फेकले, सीव्हरने २७३. कब्जच्या मैदानावर तेव्हा दिवे नव्हते, त्यामुळे घरचे सर्व सामने भर उन्हात होत. मॅनेजर लिओ डुरोशर आपल्या ठरावीक खेळाडूंना क्वचितच विश्रांती देई. सप्टेंबरात कब्जने ८ सामने जिंकले आणि १७ गमावले. केवळ पिचरांच्या थकव्याने तो संघ कोसळला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. फलंदाजही थंडावले होते. तरीही हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

१९६८ मध्ये मेट्स ७३ सामने जिंकून नवव्या क्रमांकावर राहिले. वरकरणी ही प्रगती किरकोळ दिसते. पण त्या वर्षी कूझमनने १९ विजय मिळवले, त्यांत सात सामने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता. नवोदितांचा पुरस्कार त्याच्या हातून एका मताने गेला. मॅकअँड्र्यूने आरंभ केलेल्या पहिल्या चार सामन्यांत त्याच्या संघाने एकही धाव काढली नाही, आणि चारही पराभव त्याच्या नावावर लागले. पिचर तयार झाले होते, संघ अजून व्हायचा होता. त्याच हंगामाच्या अखेरीस, २४ सप्टेंबर १९६८ रोजी, अटलांटा येथील सामन्यादरम्यान हॉजेसला हृदयविकाराचा झटका आला.

१९६९ : आकड्यांची फसगत

या टप्प्यावर एक कोडे उभे राहते. दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळून) हे पिचरांचे प्रमुख मोजमाप मानले जाते. मेट्सची ही सरासरी १९६८ मध्ये २.७२ होती आणि १९६९ मध्ये २.९९. म्हणजे ज्या वर्षी संघ जगज्जेता झाला त्या वर्षी त्याची पिचिंग आदल्या वर्षापेक्षा खालावली होती असे दिसते. मग तरुण पिचरांनी संघ घडवला हे विधान चुकीचे मानायचे काय?

उत्तर नियमबदलात आहे. १९६८ हे ‘पिचरांचे वर्ष’ म्हणून प्रसिद्ध आहे. धावा इतक्या आटल्या होत्या की अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम फलंदाजाची सरासरी अवघी.३०१ होती. म्हणून १९६९ पासून पिचर ज्या उंचवट्यावर उभा राहून फेकतो त्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली आणि वैध चेंडूचे क्षेत्र आकुंचित करण्यात आले. प्रत्येक संघाच्या सामन्यामागील धावा सरासरी सुमारे ३.४ वरून ४.१ वर गेल्या. साऱ्या लीगचे पिचर अडचणीत आले असताना मेट्सचे पिचर त्या मानाने फारच थोडे मागे सरले. नॅशनल लीगमध्ये त्यांच्यापेक्षा चांगली सरासरी केवळ सेंट लुइस कार्डिनल्सची होती. मेट्सच्या पिचरांनी २८ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव दिली नाही. सीव्हरने २५ सामने जिंकले, कूझमनने १७, आणि नवख्या जेंट्रीने १३.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मेट्सच्या धावा १९६८ मधील ४७३ वरून १९६९ मध्ये ६३२ झाल्या. क्लिऑन जोन्सने .३४० ची सरासरी राखली. आदल्या वर्षी पूर्ण अपयशी ठरलेला टॉमी एजी सावरला. जूनमध्ये माँट्रिअलहून अनुभवी डॉन क्लेंडेनन आला. हॉजेसने डावखुऱ्या आणि उजव्या पिचरांसमोर वेगवेगळे फलंदाज उतरवण्याची पद्धत काटेकोरपणे पाळली. या संघाच्या धावांचा ताळेबंद पाहिला तर सुमारे ९२ विजय अपेक्षित होते. प्रत्यक्षात १०० मिळाले. एका धावेच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत मेट्सने ४१ जिंकले आणि २३ गमावले. या आठ जादा विजयांना कोणी दैव म्हणावे, पण उरलेल्या ९२ विजयांचे स्पष्टीकरण इतिहासालाच द्यावे लागते.

ऑगस्टच्या मध्यास कब्जपेक्षा दहा सामन्यांनी मागे असलेल्या मेट्सने अखेरच्या ४९ पैकी ३८ सामने जिंकले. १२ सप्टेंबरला पिट्सबर्ग येथे एकाच दिवशी झालेले दोन्ही सामने त्यांनी १-० असे जिंकले आणि दोन्ही वेळा ती एकमेव धाव त्या त्या पिचरनेच, म्हणजे कूझमन व डॉन कार्डवेल यांनी, फटक्याने मिळवून दिली. तीन दिवसांनी सेंट लुइसच्या स्टीव्ह कार्ल्टनने १९ मेट्स फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि तरी सामना हरला, कारण रॉन स्वोबोडाने दोनदा दोन-दोन धावांचे होम रन मारले. २४ सप्टेंबरला, हॉजेसच्या झटक्याला बरोबर एक वर्ष पूर्ण होत असताना, मेट्सने पूर्व विभाग जिंकला.

प्राथमिक मालिकेत तरुण पिचरांनी निराशा केली हे क्वचितच सांगितले जाते. अटलांटाविरुद्धचे तीन सामने ९-५, ११-६ व ७-४ असे फलंदाजांच्या बळावर जिंकले गेले. तिसऱ्या सामन्यात जेंट्री लवकर ढासळला आणि रायनने उरलेले सात डाव सांभाळले. विश्वमालिकेत मात्र पिचर पुन्हा उभे राहिले. हंगामात १०९ सामने जिंकलेल्या बाल्टिमोरला पाच सामन्यांत मिळून नऊ धावा करता आल्या आणि त्यांची फलंदाजी सरासरी .१४६ इतकी घसरली. तिसऱ्या सामन्यात एजीने टिपलेले दोन झेल आणि चौथ्या सामन्यात स्वोबोडाने झेपावून घेतलेला झेल नसता तर हे आकडे वेगळे दिसले असते. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी कूझमनच्या चेंडूवर बाल्टिमोरच्या डेव्ही जॉन्सनने मारलेला फटका जोन्सच्या हातात विसावला आणि मालिका संपली.

राखीव कलम : स्वस्त हातांची किंमत

आतापर्यंतच्या विवेचनात संयम हा शब्द अनेकदा आला. संघमालकांना हा संयम शक्य का झाला, हा प्रश्न मात्र उरतो. त्याचे उत्तर त्या काळच्या करारातील ‘राखीव कलमात’ आहे. या कलमानुसार एकदा करार केलेल्या खेळाडूवर संघाचा हक्क वर्षानुवर्षे कायम राही. खेळाडूला दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची मुभा नव्हती. संघाला मात्र त्याला विकण्याची किंवा बदलीत देण्याची पूर्ण मोकळीक होती. १९६८ मध्ये खेळाडू संघटनेच्या पहिल्या सामूहिक कराराने किमान वार्षिक वेतन दहा हजार डॉलर झाले; त्यापूर्वी ते सहा हजार होते. १९६९ च्या विजेत्या संघातील प्रत्येक खेळाडूला विश्वमालिकेचा पूर्ण वाटा म्हणून १८ हजार डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. किमान वेतनावरील तरुणाच्या दृष्टीने एका आठवड्याची ही कमाई वर्षभराच्या पगाराहून मोठी होती.

तरुण पिचरांभोवती संघ बांधण्याचे सूत्र याच व्यवस्थेत फायदेशीर ठरत होते. सत्तावीस जणांना आजमावून पाहावे, त्यांतले पाच टिकवावेत; न टिकलेल्यांच्या दुखावलेल्या खांद्यांची जबाबदारी कोणाचीच नसे, आणि टिकलेल्यांना अन्यत्र जाण्याचा मार्ग नसे. मेट्स विश्वमालिकेत खेळत होते त्याच ऑक्टोबरात सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देण्यात आले. त्याने जाण्यास नकार देऊन न्यायालयात धाव घेतली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. परंतु डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर सीट्झ यांच्या निवाड्याने राखीव कलमाचा आधारच निखळला.

मेट्सच्या पिचरांची पुढील वाटचाल या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. डिसेंबर १९७१ मध्ये व्यवस्थापनाने रायनसह चार खेळाडू कॅलिफोर्निया एंजल्सला देऊन जिम फ्रेगोसीला आणले. रायन स्वतःही न्यूयॉर्कमध्ये रमला नव्हता, आणि पाच वर्षांत त्याचा चेंडू ताब्यात येत नव्हता. संयम संपला होता. पुढच्याच वर्षी त्याने ३२९ स्ट्राइकआउट केले आणि कारकिर्दीअखेर ५७१४. जेंट्रीला १९७२ च्या अखेरीस अटलांटाला देण्यात आले. त्याचा हात दुखावला आणि १९७५ मध्ये त्याची कारकीर्द संपली. एप्रिल १९७२ मध्ये, हंगाम सुरू होण्यापूर्वीच, हॉजेसचे हृदयविकाराने निधन झाले. तो ४७ वर्षांचा होता. त्याला संघ सोपवणाऱ्या व्यवस्थापनातील जनरल मॅनेजर जॉनी मर्फी जानेवारी १९७० मध्येच निवर्तले होते. सीव्हर, कूझमन, मॅग्रॉ आणि नव्याने आलेला जॉन मॅटलॅक यांच्या बळावर १९७३ मध्ये अवघ्या ८२ विजयांनिशी संघाने लीग जिंकली, पण विश्वमालिकेत ओकलंडने त्याला सातव्या सामन्यात रोखले.

अखेर १५ जून १९७७ रोजी, वेतनावरून संघाचे अध्यक्ष डोनाल्ड ग्रँट यांच्याशी झालेल्या वादानंतर, सीव्हरला सिनसिनाटीला पाठवण्यात आले. ज्या व्यवस्थेत त्याला शब्द न काढता थांबावे लागले असते ती आता उरली नव्हती, आणि जिच्यात त्याला योग्य मोल देऊन राखता आले असते ती ग्रँट यांना मान्य नव्हती. त्याच हंगामात कूझमनने २० सामने गमावले. रॉजर क्रेगचे दिवस परतल्यासारखे झाले. १९७९ मध्ये शे स्टेडियममध्ये वर्षभरात आठ लाखांहूनही कमी प्रेक्षक आले. १९६२ चा तळाचा संघ पाहायला याहून अधिक लोक आले होते.

उत्तरकथा

१९७८ च्या हंगामानंतर कूझमन मिनेसोटाला गेला. त्या बदलीत मेट्सला जेसी ओरोस्को हा तरुण पिचर मिळाला. १९८६ मध्ये मेट्सने दुसऱ्यांदा विश्वमालिका जिंकली तेव्हा अखेरचा चेंडू ओरोस्कोने फेकला, आणि संघाचा मॅनेजर होता डेव्ही जॉन्सन, ज्याच्या झेलाने १९६९ ची मालिका संपली होती.

हे सूत्र पुन्हा एकदा अमलात आणण्याचा सर्वांत जाणीवपूर्वक प्रयत्न याच संघाने १९९५ च्या सुमारास केला. बिल पल्सिफर, जेसन इझरिंगहाउसन आणि पॉल विल्सन या तीन तरुण पिचरांना ‘जनरेशन के’ असे नाव मिळाले. बेसबॉलच्या गुणपत्रकात स्ट्राइकआउटसाठी ‘के’ हे अक्षर वापरतात, त्यावरून हे नाव पडले. या वेळी योगायोगाचा भाग थोडा होता. विल्सनला तर १९९४ च्या निवडीत देशातील पहिल्या क्रमांकावर घेतले होते. तिघांवरही शस्त्रक्रिया झाल्या. पल्सिफर १९९६ चा संपूर्ण हंगाम मुकला, त्या वर्षी मेट्सने ९१ सामने गमावले आणि हंगाम संपण्यापूर्वीच मॅनेजर डॅलस ग्रीन यांना पदावरून दूर करण्यात आले. तिघांनी मेट्सकडून एकाच हंगामात मिळून चेंडू फेकल्याचे एकदाही घडले नाही. सामन्याचा आरंभ करण्याचे काम सोडून इझरिंगहाउसन सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर बनला, ओकलंड आणि सेंट लुइस येथे त्याने नाव कमावले, आणि ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, राखून दिलेल्या विजयांचे त्रिशतक पूर्ण केले, तेव्हा त्याच्या अंगावर पुन्हा मेट्सचाच गणवेश होता.